पाठमोरा बाक

बत्तीस वर्षं मी एका कणाच्या मागे होते आणि तो सापडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कुणी मला दोष द्यायला नको. या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "यंदा आम्ही निवृत्त मंडळींचे कामाचे अनुभव घेतोय, मॅडम. एक सर्पमित्र आहेत, एक भूलतज्ज्ञ आहेत. तुम्ही तुमच्या फिजिक्सवर लिहा, पण सोपं लिहा." सर्पमित्राच्या शेजारच्या पानावर माझं काय होणार ते मला कळतंय. तरी हो म्हणाले, कारण निवृत्तीच्या आसपास माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि ती मी अजून कुणाला नीट सांगितलेली नाही.

नोकरी माझी नाशिकच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याची. दिवसभर भिंगं, लंबक आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलांवर सह्या. मनातलं काम वेगळं होतं आणि ते घरी, देवळाली कॅम्पात, जेवणाच्या टेबलावर चालायचं. त्याला सैद्धांतिक कणभौतिकी म्हणतात. साहित्य म्हणजे पाठकोरे कागद, पेन्सिल आणि खोडरबर, त्यातलं खोडरबर आधी संपायचं. तोफखान्याचा सराव सुरू असला की कपाटाच्या काचा थरथरायच्या आणि मी समीकरणं लिहीत बसलेली असायचे. आमचे हे पाहुण्यांना सांगतात, "ही अणूचं करते." अणू ही माझ्या दृष्टीने फार म्हणजे फार मोठी वस्तू आहे, पण ते समजावायला गेलं की पाहुणे चहा संपवून उठतात.

या धंद्यात गिऱ्हाईक नसतं असं लोकांना वाटतं. असतं. वणीचे एक निवृत्त तलाठी दर सुट्टीत लाल दोरीची फाइल घेऊन यायचे. फाइलीत विश्वाचं अंतिम सूत्र. मी तीन मिनिटांत त्यातली चूक काढायचे, त्यांचं बोलणं अर्ध्यावर तोडून. एकदा त्यांनी शांतपणे दोरी बांधली आणि विचारलं, "माझं चुकलं, मान्य. पण मॅडम, तुमचा कण सापडला का?"

मी म्हटलं, "शोध चालू आहे."

"मग माझाही चालूच आहे," म्हणाले आणि हसत जिना उतरले. मला राग आला होता. ऐकून घेणं हा गुण माझ्यात कधीच नव्हता, आणि वर्गात साठ मुलं पंचेचाळीस मिनिटं गप्प बसून आपलं ऐकतात, त्याने तो वाढत तर मुळीच नाही.

आता थोडं शास्त्र. पळून जाऊ नका, लवकर संपवते.

जगातले सगळे मूलकण आणि, गुरुत्वाकर्षण सोडून, त्यांच्यातली सगळी बलं ज्या एका सिद्धांतात बसतात, त्याला स्टँडर्ड मॉडेल म्हणतात. त्याच्या मुळाशी गेज सममिती नावाची कल्पना आहे. समजा, प्रत्येक गावाने आपलं घड्याळ आपल्या मर्जीने लावायचं ठरवलं. चांदवडला दहा वाजले तेव्हा पिंपळगावात साडेतीन. तरीही एसटी वेळेवर धावायची असेल, तर गावागावांतला फरक सांगत फिरणारा कुणी निरोप्या लागेल. गेज सममिती म्हणजे अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला आपलं घड्याळ लावायची मोकळीक, आणि ते निरोपे म्हणजे बलं वाहून नेणारे कण. प्रकाशाचा कण हा त्यातलाच एक. मोकळीक जितकी मोठी तितके निरोपे जास्त. मी आयुष्यभर केलं ते एवढंच, की ही मोकळीक निसर्गाने आणखी थोडी मोठी ठेवली असेल तर काय होईल हे कागदावर पाहिलं. एक जादा निरोप्या निघतो, वजनाने भारी. तोच मी शोधत होते.

मोकळीक वाढवायची म्हणजे काय करायचं? स्टँडर्ड मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो शाळेतल्यासारखे दोघांच्या बाकावर बसतात. प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते क्वार्कही तसेच जोडीने. अशी घराणी तीन आहेत. पहिल्या घराण्यातच तुम्ही-आम्ही, द्राक्षं, तोफा सगळं भागतं, मग उरलेली दोन कशाला, यावर मॉडेल गप्प आहे. पण दोघांच्या जागी तिघांचा बाक केला की एक गंमत होते. सिद्धांताने स्वतःशीच भांडू नये यासाठी सगळ्या कणांच्या विद्युतभारासारख्या भारांची एक विशिष्ट बेरीज शून्य यावी लागते. तिघांच्या बाकावर एकट्या घराण्याची ती बेरीज शून्य येतच नाही. तिन्ही घराणी एकत्र घेतली तरच येते, आणि त्यातही क्वार्कांचं एक घराणं बाकावर पाठमोरं बसवावं लागतं. म्हणजे घराणी तीनच का, याचं उत्तर आपसूक मिळतं. हे कागदावर जुळताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिशीत होते, आणि मला खरंच रडू आलं होतं.

या विषयात मला आणलं माझ्या सरांनी. पुण्याला मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि नाशिकला नोकरी लागल्यावरही सुट्टी लागली की त्यांच्याकडे जायचे. सरांची एक पद्धत होती. कोणतीही आकडेमोड दोघांनी करायची, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. काकू दोन्ही खोल्यांत चहा आणून द्यायच्या. उत्तरं जुळली तरच ती पेपरात जाणार. आमच्यात प्रयोग नसतो, चुकलं तर उपकरण जळत नाही की पूल पडत नाही. चूक कागदावर वर्षानुवर्षं सुखाने नांदू शकते. म्हणून ही दोन खोल्यांची शिस्त, आणि तिचा मला फार अभिमान होता.

त्या पद्धतीने आम्ही एक पेपर लिहिला. एक घराणं पाठमोरं बसल्यामुळे नवा निरोप्या त्याच्याशी वेगळं वागतो, बाकीच्या दोघांशी वेगळं. या दुजाभावामुळे एका घराण्यातला क्वार्क चोरपावलाने दुसऱ्या घराण्यात जाऊ शकतो. प्रयोग सांगतात की असं जवळजवळ होतच नाही. मग निरोप्या इतका जड असला पाहिजे की त्याचा प्रभाव जाणवू नये. किती जड? ते त्या दुजाभावावर ठरतं. आमचं उत्तर आलं की आमच्या मॉडेलात दुजाभाव किरकोळ आहे, म्हणून निरोप्या फार जड असायची गरज नाही, कणांच्या टकरी घडवणाऱ्या मोठ्या यंत्रांना तो दिसू शकेल. खिडकी उघडी आहे, असं आम्ही लिहिलं. ज्या पायरीवर हे सगळं उभं होतं तिथे आमच्या धंद्यातलं लाडकं वाक्य होतं, 'यावरून सहज दाखवता येतं की'. परदेशी नियतकालिकात छापून आला पेपर. माझ्या नावावर दाखवण्यासारखा तेवढाच. सर पुढे वारले, आणि मी त्या खिडकीशी बसून राहिले.

योगिता आहेर माझी शेवटची विद्यार्थिनी. चांदवडजवळच्या गावातली सून. सासरी कांदा, नवरा ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, आणि ती जवळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे दर जूनमध्ये नेमणूक आणि दर एप्रिलमध्ये घरी. सहा वर्षं तिने असं काढलं. शनिवारी चांदवडहून नाशिकची बस, तिथून कॅम्पाची बस, माझ्याकडे चार तास, आणि परत तसंच. हुशार म्हणण्यापेक्षा चिवट. तिला 'सहज' हा शब्द आवडायचा नाही. म्हणायची, "मॅडम, मी एफवायच्या पोरांना सहज म्हटलं ना, की समजायचं मला येत नाहीये."

तिच्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण आमच्या खिडकीवर उभं होतं. निरोप्या त्या वजनाचा असेल तर यंत्रात नेमकं काय दिसेल, हे तिने फार सुरेख काढलं होतं. प्रबंध सादर करायच्या आधी तिला परिशिष्टात सगळ्या पायऱ्या पूर्ण लिहायच्या होत्या, आमची 'सहज' पायरीसुद्धा. घाईचं कारण होतं. तिच्याच कॉलेजात कायम जागा निघणार होती आणि पीएच.डी. हातात असेल तरच ती मुलाखतीत टिकणार होती. अशी जागा तिकडे परत कधी निघेल याचा भरवसा नव्हता.

एका शनिवारी ती आली आणि म्हणाली, "मॅडम, दुजाभाव दहापट येतोय."

मी कागदाकडे न पाहता म्हटलं, "चिन्हांची गल्लत केली असशील. परत कर."

पुढच्या शनिवारी आली. "परत तेच येतंय." मी कागद घेतले आणि तिसऱ्या पानावर दोनाने गुणायचं राहिलेलं शोधून काढलं. त्या चुकीने उत्तरात काही फरक पडत नव्हता, पण मी ती अशा थाटात दाखवली की जणू खटला निकाली निघाला. तिने निमूटपणे कागद गोळा केले.

तिसऱ्या शनिवारी ती दारातच म्हणाली, "मॅडम, दोन वेगळ्या पद्धतींनी केलं. तेच येतंय."

मी जे बोलले ते आजही शब्दन् शब्द आठवतं. "हे गणित सरांनी आणि मी वेगवेगळ्या खोल्यांत बसून केलंय, योगिता. दोघांचं उत्तर एक आलं. तू एकटी आहेस."

"बरं, मॅडम," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात पाचवं प्रकरण आलं, त्यात माझं सूत्र होतं, आणि परिशिष्टातून ती पायरी गायब होती. मी समाधानाने सही केली. प्रबंध गेला.

परीक्षकांचे अहवाल आले, दोन्ही उत्तम. मुलाखतीच्या वीस दिवस आधीची व्हायवा ठरली. एका परीक्षकांनी अहवालाच्या शेवटी एक साधी विनंती केली होती, की पाचव्या प्रकरणातली अमुक पायरी उमेदवाराने व्हायवात फळ्यावर करून दाखवावी. मी योगिताला फोन केला. म्हटलं, "काही नाही गं, जुन्या पेपरचा दाखला दे, भागेल." पलीकडून परत तेच, "बरं, मॅडम."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, उद्या परीक्षक अडून बसले तर निदान आपल्याला तरी दाखवता यायला हवं. अर्ध्या तासाचं काम म्हणून बसले. दोन दिवस गेले. जेवणाचं टेबल कागदांनी भरलं, ह्यांनी ताट मांडीवर घेऊन जेवायला सुरुवात केली, आणि उत्तर यायचं ते योगिताचं. दहापट.

शेवटी माळ्यावरून सरांच्या वहीची झेरॉक्स काढली. सुरुवातीलाच तक्ता होता, कुठला कण कुठल्या बाकावर, डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण. तो तक्ता सरांनी त्याआधीच्या एका वेगळ्या कामासाठी केला होता, ज्यात कुणीच पाठमोरं बसत नव्हतं. पाठमोऱ्या माणसाचं डावं आपलं उजवं असतं, एवढी बदलाबदल करायला हवी होती. भारांच्या बेरजेत आम्ही ती केली होती, नवा निरोप्या कुणाशी कसा वागतो हे काढताना केली नव्हती. सर आपल्या खोलीत, मी माझ्या खोलीत, आणि दोघांच्याही पुढ्यात त्या एकाच तक्त्याची नक्कल. उत्तरं जुळणारच होती. आम्ही चहासुद्धा वेगळा पीत होतो, पण चूक एकत्र केली.

खिडकी नव्हतीच. निरोप्या असलाच तर तो आम्ही म्हटलं त्याच्या दहापट जड असला पाहिजे, आजच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेर. पाचवं प्रकरण गेलं. माझा पेपरही गेला.

यानंतर मी लगेच धावत सुटले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. एक अख्खा दिवस मी काहीच केलं नाही. भाजी आणली, कपाट आवरलं. डोक्यात सारखं हेच, की ही पायरी कोण परत करणार आहे? परीक्षक दाखल्यावर समाधान मानतील. योगिताला पदवी मिळेल, नोकरी मिळेल, आणि माझा एकुलता एक पेपर जिथे आहे तिथे राहील. सगळ्यांचं भलं. या हिशेबात योगिताचं बरोबर होतं ही बाब कुठेच बसत नव्हती. ती बाजूला सारायला मला दिवसभर लागला आणि तरी ती सरेना. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदवडची बस धरली. दीड तासाची बस, आधी कॅम्पाहून नाशिकपर्यंतची वेगळी. सहा वर्षांत मी या बाजूने एकदाही गेले नव्हते.

योगिताच्या सासूबाई ओट्यावर कांदा निवडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर पदर सावरत उठल्या आणि पहिलाच प्रश्न केला. "नापास झाली का वो ती?"

"नाही, नाही," मी म्हटलं.

"मंग बरंय. लय जीव टाकती ती. कांदा निवडायला बसली तरी वही शेजारी ऱ्हाती तिच्या."

योगिता आतून आली. मला दारात पाहून तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "ती पायरी मला पहिल्यापासून करून दाखव. मी मध्ये बोलणार नाही."

खरं तर उत्तर मला माहीत होतं, तसं आधीच सांगून टाकता आलं असतं. पण तिने तीनदा आणलेलं मी एकदाही पूर्ण ऐकलं नव्हतं. ती जमिनीवर बसली, मी खुर्चीवर, मग मीही खाली बसले. नऊ ओळी होत्या. पाचव्या ओळीत तिने पाठमोऱ्या घराण्याचं डावं-उजवं बदललं, त्यावर पेन्सिलने गोल केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. शेवटपर्यंत गेली. दहापट.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणाले. "माझं चुकलंय. सरांचं आणि माझं, दोघांचं."

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं, काय म्हणून वाटलं देव जाणे. ती कागदाकडेच बघत होती. "मी तीन शनिवार आले होते, मॅडम," ती म्हणाली. "घरी काढणी चालू होती. आत्यांना एकट्यांना टाकून आले होते. तुम्ही म्हणालात, तू एकटी आहेस. मला वाटलं, मलाच काही येत नाही. सहा वर्षं उगाच केलं, असं वाटायला लागलं होतं." आवाज चढला नव्हता तिचा. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी माफी मागितली. मग जे व्यवहाराचं होतं ते सांगितलं. "हे बघ, दोन रस्ते आहेत. आत्ता व्हायवा होऊ दे, दाखला देऊन वेळ मारून ने. पदवी मिळाली, मुलाखत झाली, की आपण दुरुस्ती छापू. किंवा आत्ताच सांगायचं. पण मग प्रबंध दुरुस्तीला परत येईल, सहा-आठ महिने जातील, आणि ही जागा हातची जाईल. तू म्हणशील तसं. पहिला रस्ता धरलास तर मी तुला नाव ठेवणार नाही."

सासूबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. सगळं कळलं नसेल, मुद्दा मात्र बरोबर कळला होता. "चूक तुमची ना, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग तिनं कशापायी थांबायचं?"

   योगिताच म्हणाली, "आत्या, ते मला फळ्यावर करून दाखवायला सांगणारेत. मला खरं काय ते येतंय. आता खोटं कसं लिहू?" आणि मला म्हणाली, "तुम्हाला तिथं सांगावं लागेल, मॅडम. चूक कुणाची ते."

"सांगेन," मी म्हटलं.

व्हायवा दुपारी होती. विभागातले सगळे आले होते, माझे जुने विद्यार्थीसुद्धा, निवृत्त मॅडमच्या शेवटच्या विद्यार्थिनीचं कौतुक करायला. मागच्या बाजूला सामोसे मांडून ठेवले होते. चार प्रकरणं योगिताने झरझर मांडली. पाचव्याला आली आणि म्हणाली, "हे प्रकरण चुकीचं आहे. का, ते दाखवते." फळ्यावर नऊ ओळी लिहिल्या. हस्ताक्षर अगदी स्वच्छ, पाचव्या ओळीवर गोल. 

परीक्षकांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "गाईड म्हणून तुम्हाला हे मान्य आहे?"

मी उभी राहिले. म्हटलं, "मान्य आहे. चूक माझ्या पेपरातली आहे. विद्यार्थिनीने ती प्रबंध देण्याआधी तीनदा माझ्या लक्षात आणून दिली होती आणि मी ऐकलं नाही." वाक्य पाठ करून गेले होते. समोर माझे विद्यार्थी होते, ज्यांना मी वर्षानुवर्षं चिन्हांच्या चुकांवरून फाडून खाल्लं होतं.

परीक्षक सज्जन होते. 'सहज दाखवता येतं' या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "मीही लिहितो हे. आज घरी जाऊन माझे पेपर काढावे लागणार." थोडे लोक हसले. पण निर्णय व्हायचा तोच झाला. प्रकरण पुन्हा लिहा, प्रबंध पुन्हा सादर करा, व्हायवा पुन्हा. सामोसे सगळ्यांनी खाल्ले. योगिताने खाल्ला नाही.

मुलाखत तिच्याशिवाय झाली. जागा दुसऱ्या एका मुलाला मिळाली, तो चांगला शिकवतो असं ऐकते. योगिता जूनमध्ये परत तासिकांवर लागली.

मी नियतकालिकाला अर्ध्या पानाची दुरुस्ती पाठवली, सरांच्या आणि माझ्या नावाने, आणि चूक कुणी शोधली तेही त्यात लिहिलं. पंचवीस वर्षांत तो पेपर किती जणांनी वाचला असेल कुणास ठाऊक, दुरुस्ती बहुतेक त्याहून कमी जणांनी वाचली. विज्ञानाचं त्यात काही बिघडलं नाही. पण मी जिथे इतकी वर्षं टक लावून बसले होते तिथे तो कण असणं शक्यच नव्हतं, हे पचायला मला बरेच महिने लागले. कण नाही सापडला याचं दुःख तितकंसं नाही, आमच्यातल्या बहुतेकांना काहीच सापडत नाही. माझ्या टेबलाशी बसून एका मुलीने खरं उत्तर तीनदा वाचून दाखवलं आणि मला ते ऐकू आलं नाही, हे मात्र जाता जात नाही.

पाचवं प्रकरण योगिताने नव्याने लिहिलं. आता त्यात खिडकी बंद आहे, ती का बंद आहे ते सगळं आहे, आणि 'सहज' हा शब्द एकदाही नाही. माझ्या मते आधीच्यापेक्षा ते चांगलं आहे, कारण आता ते खरं आहे. ते मी या वेळी सगळं वाचलं, परिशिष्टासकट, हातात पेन्सिल धरून, आणि मधे काही अडलं की तिला फोन करून विचारलं.

अंतिम प्रत घेऊन ती सहीसाठी आली तेव्हा मी पहिली पानंही चाळली. प्रबंधात सुरुवातीला ऋणनिर्देश असतो आणि त्यात मार्गदर्शकाबद्दलची वाक्यं ठरलेली असतात. अमूल्य मार्गदर्शन, आईची माया, वगैरे. मी सरांबद्दल पाऊण पान लिहिलं होतं. योगिताने सासूबाईंसाठी सहा ओळी लिहिल्या होत्या, नवऱ्यासाठी तीन, आणि माझ्यासाठी एक वाक्य. इंग्रजीत होतं, मराठीत सांगते. 'माझ्या मार्गदर्शकांनी माझं म्हणणं चौथ्या वेळी पूर्ण ऐकून घेतलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.'

मी ते दोनदा वाचलं. कायमचं ग्रंथालयात राहणार होतं ते. "बदलून दे" हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

"असंच राहू देऊ का, मॅडम?" तिने विचारलं.

"राहू दे," मी म्हणाले, आणि सही केली.